पुडी कुठून आली?

आठवी-नववीतल्या मुलाच्या कंपासपेटीत तंबाखूची पुडी सापडली, की पुढचं सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. वर्गशिक्षक मुलाला मुख्याध्यापकांसमोर उभं करतात, घरी निरोप जातो, दुसऱ्या दिवशी आई किंवा वडील येतात आणि म्हणतात, "सर, आमच्या घरचं वळण असं नाही हो, त्याला संगत वाईट लागली." ज्या मुलाच्या संगतीचं नाव निघतं, त्याचे आईवडीलही शाळेत येऊन हेच सांगतात. शिक्षकांना ते पटतं, पालकांना त्याचा आधार वाटतो आणि मुलाला जागा बदलून दुसऱ्या बाकावर बसवलं जातं. संगत हा आपला इतका जुना आणि सोयीचा खुलासा आहे, की तो तपासून पाहायला हवा असं कुणाला वाटत नाही. या प्रकरणात तो तपासायचा आहे. शाळकरी मुलांच्या व्यसनाबद्दल आज हाताशी असलेला पुरावा नीट वाचला, तर संगत ही साखळीतली शेवटची कडी दिसते. आधीच्या कड्या मोठ्या माणसांच्या हातात असतात: घरातल्या, दुकानातल्या, आणि कायदा अमलात आणायची जबाबदारी असलेल्यांच्या.

सुरुवात वयापासून करू. व्यसन संगतीने लागतं हे खरं असेल, तर ते संगतीच्या वयात लागायला हवं; म्हणजे मुलं घरापासून थोडी सुटतात, मित्रांचा शब्द आईच्या शब्दापेक्षा जड वाटू लागतो, त्या तेरा-चौदाच्या सुमारास. १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांमधलं तंबाखूचं प्रमाण मोजणाऱ्या जागतिक सर्वेक्षणाची भारतातली चौथी फेरी २०१९ मध्ये झाली. त्या वेळी ८.५ टक्के मुलं कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होती. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट सुरुवातीच्या वयाची आहे. सिगारेट ओढून पाहिलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी, विडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्क्यांनी आणि धूरविरहित तंबाखू, म्हणजे चघळायची, दाताला लावायची, गालात धरायची तंबाखू वापरलेल्यांपैकी ५२ टक्क्यांनी दहावा वाढदिवस येण्याआधीच ती पहिल्यांदा तोंडात घेतली होती. दहा वर्षांच्या आत म्हणजे चौथीच्या आसपास. त्या वयात मुलाची संगत म्हणजे आई, आजी, वडील, काका आणि शेजारच्या घरातली भावंडं. नाक्यावरच्या टोळक्याला त्याच्यात रस नसतो आणि त्यालाही नाक्यावर उभं राहायची परवानगी नसते.

याच सर्वेक्षणातला दुसरा आकडाही संगतीच्या गोष्टीत बसत नाही. मुलांमधलं प्रमाण ९.६ टक्के होतं, मुलींमधलं ७.४. मोठ्या माणसांत हे अंतर फार मोठं आहे: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ४२.४ टक्के पुरुष तंबाखू वापरत होते आणि १४.२ टक्के स्त्रिया. टपरी, कट्टा, मैदान हेच व्यसनाचं दार असतं, तर ज्या मुलींना तिथे उभंही राहू दिलं जात नाही त्यांचं प्रमाण मुलांच्या इतकं जवळ आलं नसतं. मुलगे आणि मुली दोघांनाही सारखं उघडं असलेलं एकच दार आहे, आणि ते घराचं आहे.

आणखी एक अभ्यास इथे आठवतो. दिल्ली आणि चेन्नईतल्या ३२ शाळांमधल्या ११,६४२ विद्यार्थ्यांची पाहणी २००६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. सहावीतल्या २४.८ टक्के मुलांनी कधी ना कधी तंबाखू वापरली होती, आठवीतल्या ९.३ टक्के मुलांनी. वय वाढेल तसं व्यसन वाढतं, ही आपली समजूत इथे उलटी होते. यावर शंका घेता येते, आणि ती रास्त आहे. आठवीतली मुलं उत्तर देताना अधिक सावध झाली असतील, किंवा व्यसनात सापडलेली काही मुलं आठवीपर्यंत शाळेतून गळलीही असतील. पण या दोन्ही शंका मान्य केल्या तरी सहावीतल्या चौथ्या हिश्शाचा हिशोब उरतोच. अकरा वर्षांच्या या मुलांपर्यंत तंबाखू आधीच पोहोचली होती.

ती कशी पोहोचते, हे महाराष्ट्रात पाहायचं तर सिगारेट बाजूला ठेवून चुलीकडे यावं लागतं. आपल्या राज्यात २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे अवघे ३.८ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आपलं व्यसन धुराचं नाही, त्यामुळे ते लपवावं लागत नाही. मशेरीचंच पाहा. तवा तापवून त्यावर तंबाखू घालतात, ती काळी होईस्तोवर परततात. घरभर ठसका लागेल असा वास सुटतो, मूल डोळे चोळत बाहेर पळतं. मग ती गार करून तळव्यावर चुरायची, बारीक भुकटी एका डबीत भरायची आणि डबी मोरीजवळच्या फळीवर, दातांच्या पावडरीशेजारी ठेवायची. सकाळी आई ती बोटावर घेऊन दातांना लावते, पुन्हा जेवणानंतर, पुन्हा दुपारी कामं उरकल्यावर. तिच्या लेखी ते व्यसन नसतं; दात घासणं असतं. मुलाची दाढ ठणकायला लागली, की त्याच डबीतली चिमूटभर त्याच्या हिरडीवर लावली जाते, कारण दुखणं घटकाभर दबल्यासारखं वाटतं. निकोटीन हिरडीच्या पातळ त्वचेतून थेट रक्तात उतरतं. आईने हे प्रेमापोटी केलेलं असतं, तिच्या आईने तिच्यासाठी केलं होतं तसंच. तिला दोष देऊन काहीही साधणार नाही. पण या मुलाला पुढे सातवीत कुणी पुडी पुढे केली, तर ती चव त्याच्या ओळखीची असते, आणि 'हे वाईट आहे' असं सांगणारा कुठलाही अनुभव त्याच्या गाठीशी नसतो.

घरातून निघालं की रस्ता लागतो. वडील तळव्यावर चुना लावून तंबाखू मळतात, वरून थाप मारून भुसा उडवतात आणि डबी रिकामी असेल तर मुलाच्याच हातात पैसे ठेवून त्याला टपरीवर धाडतात. विदर्भात हेच खर्ऱ्याचं: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून त्याची पुडी बांधली जाते, आणि पाव्हण्याला चहाबरोबर ती पुढे करणं हा शिष्टाचार मानला जातो. टपरीवाला मुलाला ओळखतो, कुणासाठी नेतोय हे विचारायचं कारण त्याला वाटत नाही, आणि त्या मुलाने पुढे कधी स्वतःसाठी मागितली तरी त्याला फरक कळणार नाही. २०१९ च्या पाहणीत सिगारेट ओढणाऱ्या मुलांपैकी ४५ टक्क्यांनी सांगितलं, की वयामुळे आपल्याला कुणी नाकारलं नाही. कायदा काही कमी कडक नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालच्यांना विक्री आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री, दोन्हींवर बंदी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू किंवा मादक पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. गुटख्यावर महाराष्ट्राने २००२ मध्ये बंदी घातली, ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. अन्नसुरक्षेच्या नव्या नियमांमुळे २०१२ मध्ये पुन्हा बंदी आली, ती आजही आहे. त्यानंतर टपरीवर दोन माळा लटकू लागल्या, एक पानमसाल्याची आणि एक सुट्या तंबाखूची. दोन्ही पुड्या फोडून तळहातावर एकत्र केल्या की काम झालं. सातवीतल्या मुलालाही ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही, त्याने ती बसथांब्यावर शेकडो वेळा पाहिलेली असते.

इतकं सगळं मांडल्यावर संगतीला तिचा वाटा द्यायलाच हवा, नाहीतर युक्तिवाद एकांगी होईल. किशोरवयीन मेंदू मित्रांच्या उपस्थितीत खरोखर वेगळा वागतो. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना गाडी चालवण्याचा संगणकी खेळ दिला होता. एकटे असताना आणि समवयस्क पाहत असताना ते किती धोका पत्करतात, हे पाहायचं होतं. मोठ्या माणसांच्या वागण्यात मित्रांमुळे विशेष फरक पडला नाही. १३ ते १६ वयाची मुलं मित्र पाहत असताना स्पष्टपणे जास्त धोका पत्करत होती. बक्षिसाला भुलणारी मेंदूची यंत्रणा या वयात जोरात असते आणि तिला लगाम घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. म्हणून 'घेऊन तर बघ' या शब्दांना या वयात विलक्षण ताकद येते. पण इथेच एक प्रश्न विचारायला हवा: मित्र काय पुढे करतो? जे त्याच्याजवळ आहे तेच. त्याच्याजवळ कॅरम असेल तर कॅरम, पुडी असेल तर पुडी. ती पुडी त्याने तयार केलेली नसते आणि त्याच्या वयाला ती मिळायलाही नको असते. संगत वेग देते. दिशा आणि माल आधीच ठरलेले असतात.

इथे नेहमीचा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. एकाच घरात दोन भाऊ वाढतात, बाप तोच, टपरी तीच. एक व्यसनात जातो आणि दुसरा सुपारीलाही शिवत नाही. मग दोष घराचा कसा? मुलाच्या स्वभावाचा, फार तर रक्ताचा म्हणा. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात केनेथ केंडलर आणि सहकाऱ्यांनी जुळ्या पुरुषांच्या तंबाखू, दारू आणि गांज्याच्या सवयींचा वयानुसार माग काढला. २००८ मध्ये आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार किशोरवयाच्या सुरुवातीला वापरावर सर्वाधिक प्रभाव कुटुंबाचा आणि भोवतालचा असतो. जनुकांचा प्रभाव वय वाढेल तसा वर चढत जातो. म्हणजे सुरुवात होईल की नाही हे मुख्यतः परिसर ठरवतो, आणि सुरुवात झालेल्यांपैकी कोण अडकून पडेल यात रक्ताचा हिस्सा वाढत जातो. यातून निघणारा अर्थ आक्षेपाच्या उलट आहे: ज्याच्या स्वभावातच अडकण्याचा कल आहे, त्या मुलाच्या बाबतीत घराने आणि टपरीने सुरुवात होऊ न देणं अधिकच मोलाचं ठरतं.

शिवाय दोन भावांचं घर बाहेरून एकच दिसलं तरी आतून एक असतंच असं नाही. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सॅन दिएगोतल्या हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं: मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवर होणारी हिंसा, घरातलं व्यसन, मानसिक आजार, तुरुंगात गेलेला घरचा माणूस. अशा चार किंवा अधिक गोष्टी भोगलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, अमली पदार्थांचा वापर, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होता. बापाची लाथ एकाच भावाच्या पाठीत बसत असेल, तर दोघं एका घरात वाढले असं म्हणता येणार नाही. व्हाइटनर, पंक्चरचं सोल्यूशन, थिनर हुंगणाऱ्या मुलांकडे पाहिलं की हे फार स्पष्ट दिसतं. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत हुंगण्याचे पदार्थ हा एकच प्रकार असा निघाला, की ज्यात मुलांनी मोठ्यांना मागे टाकलं: १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. मदतीची गरज असलेल्या अशा मुलांची संख्या जास्त असलेल्या राज्यांत महाराष्ट्र आहे. स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळणारी ही बाटली भूक, मार आणि थंडी काही मिनिटं विसरायला लावते. तिला मौज म्हणणं हे त्या मुलांवर अन्यायाचं आहे.

दुसरा आक्षेप असा, की तंबाखूवर इतका वेळ का घालवायचा. खरी भीती एमडीची (मेफेड्रोनची), गांज्याची, गोळ्यांची आहे. ही भीती खोटी नाही. मुंबईसह दहा शहरांतल्या आठवी, नववी, अकरावी आणि बारावीच्या ५,९२० विद्यार्थ्यांची पाहणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १०.३ टक्के मुलांनी वर्षभरात कोणता तरी मादक पदार्थ घेतल्याचं सांगितलं, आणि तंबाखू व दारूच्या मागोमाग अफूवर्गीय औषधांचा क्रमांक होता. पहिल्या सेवनाचं सरासरी वय १२.९ वर्षं निघालं, हुंगण्याच्या पदार्थांचं ११.३. पण याच पाहणीत सुमारे ४० टक्के मुलांनी घरात तंबाखू किंवा दारू घेणारं कुणीतरी असल्याचंही सांगितलं. आणि कुणी विचारलं तर आपण खरं सांगणार नाही, असं निम्म्याहून अधिक मुलांनी कबूल केलं. म्हणजे हे सगळे आकडे खरे प्रमाण सांगत नाहीत, ते कमीत कमी किती हे सांगतात. तंबाखू घेणारी बहुतेक मुलं पुढे एमडीपर्यंत जात नाहीत, हे स्पष्ट म्हणायला हवं. उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. तरीही जिथे मुलाला वस्तू मिळते, जिथे मोठे पाहून न पाहिल्यासारखं करतात आणि जिथे खरं बोलायची सोय नसते, ती वाट सगळ्या पदार्थांसाठी एकच आहे, आणि ती तंबाखूनेच पहिल्यांदा रुळते.

मग मुलांना समजावून सांगू, म्हणजे ती स्वतःच नाही म्हणतील, असा पुढचा विचार येतो. हा उपाय जगात फार मोठ्या प्रमाणावर करून झाला आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ मध्ये 'डेअर' हा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस अधिकारी वर्गावर येऊन अमली पदार्थांचे धोके सांगायचा आणि 'नाही' म्हणायला शिकवायचा. तो अमेरिकेतल्या बहुसंख्य शाळांत पोहोचला, पालकांना खूप आवडला, आणि एकामागून एक मूल्यमापनांत त्याचा मुलांच्या वापरावर जेमतेम परिणाम आढळला. दारं सगळी उघडी ठेवून आत जाऊ नकोस असं बारा वर्षांच्या मुलाला सांगण्यापलीकडे त्यात फार काही नव्हतं. आइसलँडने वेगळी वाट धरली. १९९८ मध्ये तिथल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिनाभरात एकदा तरी दारूने झिंगलेली होती. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. या काळात बदल झाले ते मोठ्यांच्या वागण्यात: रात्री मुलांनी बाहेर राहण्याच्या वेळेला कायद्याची मर्यादा, पालकांचे आपसातले करार, खेळ आणि संगीताच्या वर्गांसाठी सरकारी पैसा, आणि दरवर्षी प्रत्येक शाळेच्या हाती तिचे स्वतःचे आकडे.

आइसलँड श्रीमंत आहे, तिथली माणसं आपल्या एखाद्या महापालिकेच्या वॉर्डात मावतील, हे मान्य. म्हणून उदाहरण घरचंच घेऊ. ज्या ३२ शाळांचे आकडे वर आले, त्यांतल्या निम्म्या शाळांत २००४ ते २००६ या काळात 'मायट्री' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. वर्गात बोलणारी व्यक्ती बहुधा त्याच वयाची विद्यार्थी-नेता होती, आणि घरी पालकांसाठी पत्रं जात होती. दोन वर्षांनी कार्यक्रम असलेल्या शाळांत तंबाखूचा वापर १७ टक्क्यांनी घटला होता आणि नसलेल्या शाळांत ६८ टक्क्यांनी वाढला होता. जिला आपण दोष देतो त्याच संगतीने इथे मुलांना सावरलं. देशपातळीवरही वाट बंद नाही: २००९ मध्ये १३ ते १५ वयोगटात तंबाखूचं प्रमाण १४.६ टक्के होतं, तेच दहा वर्षांत ८.५ वर आलं. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने सरकारबरोबर २०१६ पासून चालवलेलं 'मुक्तिपथ' याच समजुतीवर उभं आहे, की खर्रा सोडायचा तर अख्ख्या गावाने दुकानाशी आणि घराशी बोललं पाहिजे.

आता पुन्हा त्या कंपासपेटीकडे येऊ. पुडी सापडलेल्या मुलाला दाखला हातात देऊन घरी पाठवण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे, आणि इतर मुलांचं रक्षण होतं असं तिचं समर्थन केलं जातं. अमेरिकेत १२,११८ किशोरांच्या मुलाखतींवर आधारित, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घराशी असलेली जवळीक आणि शाळा आपली वाटणं, या दोन गोष्टी मुलांना व्यसनापासून दूर ठेवताना दिसल्या. ज्या मुलाचं घरच पुडीचं उगमस्थान आहे त्याच्यापाशी यांतली दुसरीच काय ती उरलेली असते, आणि शाळा त्याला काढून टाकते तेव्हा तीही जाते. त्याच्याशी 'कुणाबरोबर होतास?' या प्रश्नाने बोलणं सुरू केलं, तर तो मित्राचं नाव लपवेल किंवा खोटं सांगेल. 'पहिल्यांदा कुठे मिळाली, किती वर्षांचा होतास?' असं दार लावून, शांतपणे विचारलं, तर बहुधा एक पत्ता मिळतो: आजीची डबी, काकांचा खिसा, शाळेच्या मागच्या फाटकाजवळची टपरी. टपरीचा पत्ता असेल तर शाळेभोवती आखायची शंभर यार्डांची पिवळी रेषा आणि कायद्याचं कलम दोन्ही मुख्याध्यापकांच्या बाजूने आहेत. डबीचा पत्ता असेल तर घरच्यांना शाळेत बोलावून मुलाबद्दल तक्रार करण्याऐवजी त्यांच्या स्वतःच्या तंबाखूबद्दल बोलावं लागेल. हे शिक्षकांना अवघड जाईल, पालकांना लागेल. वडिलांच्या खिशातल्या पुडीवर तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक छापलेला असतो. तो मुलासमोर, मुख्याध्यापकांच्याच खोलीतून वडिलांसाठी लावता येतो.